परतीचा चहा कुठे?

"कोणी सांगितलान?"

एवढं म्हणून मामू टायरवर अंगठा दाबायचे, पण बघायचे मात्र समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. बॅटरी भरली आहे, असं मी म्हटलं की "कोणी सांगितलान?" मीटर दाखवतंय म्हटलं तर "मीटरला काय, त्याला थोडंच चालत परत यायचंय?" उद्या वारा नाही, टायर नवा आहे, गिऱ्हाईक ओळखीचं आहे, सगळ्याला तोच सवाल. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामू, आज गुरुवार आहे, एवढं तरी माना." त्यांनी दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवला, मोबाईल काढून पाहिला आणि मगच मान हलवली.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. चहात साखर घातली म्हटलं तरी ढवळून, चाटून बघणारा. आपण त्याला हसतो, आणि लांबच्या प्रवासाला निघताना मात्र गाडी त्यालाच तपासायला सांगतो.

आमचं काम सांगते, म्हणजे माणूस कळेल. दोहाच्या दक्षिणेला, बिरकत अल अवामेर ओलांडलं की हमरस्त्याला लागून आमची पत्र्याची मोठी शेड आहे. थंडीत इथली मंडळी वाळवंटात राहुट्या ठोकून राहतात. त्यांना तंबू, जनरेटर, पाण्याच्या टाक्या आम्ही भाड्याने देतो. अलीकडे त्यात बॅटरीवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलींची भर पडली. टायर एवढा जाड की हवा थोडी कमी केली तर वाळूवर उंटाच्या पावलासारखा पसरतो. या सायकली मुख्यतः ससाणा घेऊन शिकारीला जाणारे नेतात. शिकार असते हुबारा पक्ष्याची, म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा भाऊ समजा. गाडीची घरघर त्याला फार लांबून कळते. सायकल नुसती कुजबुजते. हँडलवर ससाण्याला बसायला गादी गुंडाळलेला दांडा, मागे सामानाची दोन चाकांची बुटकी गाडी, की निघाले.

स्टोअर आणि बुकिंग माझ्याकडे. मी नाशिकची. प्रत्येक गोष्टीची यादी केल्याशिवाय मला झोप येत नाही. नवरा म्हणतो, हिने लग्नात हार घालायच्या आधी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

मामू रत्नागिरीकडचे. काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, कानाला बारा महिने मफलर. निम्म्याहून अधिक आयुष्य कतारमध्ये गेलेलं. राहायचे बिरकतच्या कामगार वस्तीत. काम एकच, पण मोठं. वाळवंटात सायकल अडकली, बॅटरी संपली, कोणी वाट चुकलं, की पिकअप काढायची आणि माणूस उचलून आणायचा. मला ते ताई म्हणायचे, मॅनेजरसमोर मॅडम.

आता या कामातली खरी अडचण. शिकारी माणूस आपली जागा कधीही खरी सांगत नाही. सांगितली की दुसरा तिथे आधी पोचतो, हा एक हिशेब. आणि सांगितली की बरकत जाते, ही श्रद्धा. भावाला सांगत नाहीत, तिथे माझ्या फॉर्मवर काय लिहिणार? उत्तरेला जातो लिहून दक्षिणेला जायचं, हे इथे खोटं धरतच नाहीत. आम्ही सायकलींना ट्रॅकर बसवले. पहिल्याच गुरुवारी संध्याकाळी मी नकाशा उघडला तर सगळ्या सायकली एकाच राहुटीत शेजारी शेजारी झोपलेल्या. मंडळींनी ट्रॅकर काढून उशाशी ठेवले होते.

मामूंनी यावर आपला उपाय काढला होता. दोन तरुण सायकली न्यायला आले होते, तो प्रसंग मला आठवतो.

"किधर जाता, अरबाब?" मामूंनी विचारलं. अरबाब म्हणजे मालक.

"शिमाल." म्हणजे उत्तरेला.

"माशाल्ला, बहोत अच्छा." मामूंनी पाण्याचा कॅन गाडीला आवळून बांधला. मग सहज, जणू वेळ घालवायला, "वापस आते टाईम करक किधर पिएगा?"

दोघांचे चेहरे उजळले. सलवा रोडवरचा तो पेट्रोल पंप, त्याच्या मागची टपरी, तिथला केशर घातलेला दाट चहा. दोघं एकमेकांना दुरुस्त करत सांगत होते. ते गेल्यावर मामू माझ्याकडे वळले. सलवा रोड उत्तरेला नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं.

"लिवा ताई, शिमाल. आणि बाजूला पेन्सिलीनं चहा लिवा. शिकारी आईशी खोटं बोलेल, चहाबद्दल नाही बोलणार."

त्या पेन्सिलीच्या शब्दावरून मामूंनी किती जणांना शोधून आणलं, ते मी मोजलं नाही. एकदा बापलेक सापडले. सायकल ढकलून बाप दमलेला, लेक रुसलेला. बाप पिकअपमध्ये बसता बसता अजून "शिमाल, शिमाल" म्हणत होता. मामू म्हणाले, "जी अरबाब, शिमाल," आणि गाडी दक्षिणेकडून परत आणली.

त्यांच्या संशयातून कोणीच सुटत नसे. दुपारी विचारायचे, "ताई, जेवलात?" हो म्हटलं की, "कोणी सांगितलान? डबा तर उघडलाच नाय." घरी फोन लावायचे, बायको म्हणायची मी बरी आहे. हे शेडच्या दारात उभे राहून म्हणायचे, "कोणी सांगितलान? खोकला आयकू येतोय."

गिऱ्हाइकांत त्यांचं खरं जमायचं ते एका म्हाताऱ्या शिकाऱ्याशी. तंबू नेणारं आमचं ते जुनं गिऱ्हाईक, आणि वाळवंटात सायकल नेणारं पहिलं. पांढरी छाटलेली दाढी, डाव्या हातावर कायम चामड्याचा हातमोजा, त्यावर टोपी घातलेला ससाणा, त्याच्या अरबीत तैर. दोघांचं वय सारखं, तोंडंही सारखीच. म्हातारा ओरडायचा, "ये सायकल अच्छा!" मामू म्हणायचे, "कौन बोला?" म्हातारा म्हणायचा, "शक्की बुड्ढा!" आणि मग दोघं कोपऱ्यात चहा प्यायचे. या हंगामात मात्र म्हातारा आला नाही. त्याचा मुलगा एकदा तंबू न्यायला आला तेव्हा म्हणाला, बाबांनी ससाणा एका नातेवाइकाला देऊन टाकला, आता ते घरीच असतात.

मामू तेव्हा "कोणी सांगितलान" सुद्धा म्हणाले नाहीत. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

त्यानंतरची गोष्ट. आमच्या सायकली गुरुवारी जातात, शनिवारी परत येतात. शुक्रवारी शेड बंद. एक जुनी सायकल मात्र कोणी नेत नाही, ती भिंतीशी उभी असते. एका शनिवारी मला तिची बॅटरी अर्धी दिसली. मी गुरुवारी भरून ठेवली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी नोंदवहीत टिपलं. चेनमध्ये बारीक वाळू, आणि मागची बुटकी गाडी स्वच्छ धुतलेली. वापरलेली वस्तू मला चालते, न सांगता धुतलेली वस्तू मला आवडत नाही. गाडीच्या जाळीत कबुतराचं एक पीस अडकलं होतं. ससाण्याला कबुतर दाखवून बोलावतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं होतं.

शेडच्या किल्ल्या दोघांकडेच, माझ्याकडे आणि मामूंकडे.

त्याच आठवड्यात गस्तीवरचे अधिकारी येऊन गेले. राखीव जागेत कोणीतरी हुबाऱ्याचा आवाज काढणारं यंत्र वापरतंय, त्याला इथे बंदी आहे, आणि तिथे जाड टायरचे माग दिसले आहेत. आमच्याकडे चौकशी होणारच होती. वेस्ट बेच्या ऑफिसातून मॅनेजरचा फोन आला. हा पुण्याचा, हुशार, शर्टाच्या बाह्या मोजून दुमडणारा.

"मॅडम, आपला माणूस यात निघाला तर परवाना जाईल. आणि तो माणूस पहिल्या विमानाने घरी, कायमचा. रविवारी मी स्वतः येतो. तुम्हाला कोणाचा संशय?"

"बघते," मी म्हटलं.

मी मामूंना गाठलं. आडवळणं मला जमत नाहीत.

"मामू, जुनी सायकल शुक्रवारी बाहेर जाते."

"कोणी सांगितलान?"

"बॅटरीनं."

"बॅटरीवर कसला इस्वास ठेवता?" ते म्हणाले, आणि टायरवर अंगठा दाबला. पण या वेळी बघत होते टायरकडेच. माझ्या तोंडाकडे नाही.

"मामू, शिकाऱ्यांना जागा दाखवता का? ते यंत्र वगैरे..."

"तोबा!"

"मग कुठे जाता?"

"ताई, माझं असतं तर सांगितलं असतं. ते माझं नाय."

"रविवारी मॅनेजर हेच विचारणार. काय सांगाल?"

"काय नाय सांगणार."

"व्हिसा जाईल मामू. एवढ्या वर्षांनी चोर म्हणून घरी जाल?"

ते ताडपत्रीची दोरी बांधायला वळले. गाठ आवळून झाल्यावर म्हणाले, "जाईन." मग ती गाठ सोडून पुन्हा बांधली.

माझा विश्वास बसला नाही आणि अविश्वासही धड बसेना. कोणाला तरी झाकत होते, हे उघड होतं. पण झाकणारा माणूस काय झाकतो, ते कळल्याशिवाय त्याला भला म्हणायची माझी तयारी नव्हती. मी दोन-तीन कामं उरकली, आणि दुपारी डबा उघडता उघडता, अगदी सहज म्हटलं, "मामू, आम्ही राहतो त्या थुमामात धड करक मिळत नाही हो. तुम्ही शुक्रवारी कुठे पिता?"

"तो वळणावरचा मलबारी! आलं ठेचून घालतो. दुसरीकडं जाऊ नका, सगळे नुसतं..."

तिथे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी चपाती मोडत होते. त्यांनी मफलर कानावर ओढला आणि उठून गेले.

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली.

"आपण कोणाच्या पाळतीवर आहोत का?" त्याने विचारलं.

"आपण चहा प्यायला आलोय."

"एवढ्या लांब?"

"आलं ठेचून घालतो."

मलबारी बोलका होता. कोकणी मामू? हो, दर शुक्रवारी. थर्मासमध्ये दोन चहा नेतो, एक बिनसाखरेचा. कुठे? त्याने चमच्यानेच दाखवलं. लांब विजेच्या मनोऱ्यांची रांग गेली होती, त्या बाजूला. चहा खरंच चांगला होता. नवऱ्याने दुसरा मागवला, मी मागवू दिला नाही.

कडक जमिनीवरून आम्ही मनोऱ्यांच्या कडेकडेने गेलो. राखीव जागा ती नव्हे, हे मी फाट्यावरच्या पाटीवरून आधी नक्की केलं. मग ते दिसले.

जुनी सायकल अगदी हळू चालली होती. वर मामू, मान वर करून एकेक मनोरा बघत. मागच्या बुटक्या गाडीत, जिथे तंबूचे खुंटे ठेवायचे तिथे गादी टाकून, पाय पुढे पसरून तो म्हातारा शिकारी बसला होता. डावा हात वर, हातावर तो हातमोजा. त्यावर काही नव्हतं. प्रत्येक मनोऱ्यापाशी सायकल थांबायची, म्हातारा लांब हाक द्यायचा, उजव्या हाताने दोरीला बांधलेलं कबुतर फिरवायचा, आणि मग दोघंही श्वास रोखून ऐकायचे. सायकलचा आवाज नव्हताच. काहीच ऐकू येत नव्हतं.

आमची गाडी बघून मामू उतरले. रागावले नाहीत.

"आलात? चहा घेतलात?"

"घेतला."

"आलं होतं?"

"होतं."

"कौन?" म्हाताऱ्याने विचारलं. मी दहा पावलांवर उभी होते. इतक्या वर्षांची ओळख, आणि तो माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होता.

मामूंनी मला बाजूला नेऊन सांगितलं. हंगामाच्या सुरुवातीला म्हातारा एकटाच इथे आला, ससाण्याची टोपी काढली, पक्षी सोडला, आणि तो कुठे गेला ते त्याला दिसलंच नाही. त्याची नजर जात चालली होती आणि ते त्याने घरापासून लपवलं होतं. मुलांना कळलं तर वाळवंट कायमचं बंद. म्हणून नातेवाइकाला दिल्याची थाप. आता गाडी चालवता येत नाही, ड्रायव्हरला सांगावं तर तो मुलाला सांगणार. राहिले मामू. घरी जुन्या मित्राकडे चहाला जातो सांगून म्हातारा टॅक्सीने टपरीपर्यंत यायचा. हे मनोरे बघणार, तो हाका मारणार.

"मामू," मी म्हटलं, "इतके आठवडे झाले. पक्षी गेला असेल."

"कोणी सांगितलान?"

मीटरबद्दल विचारायचे तोच सूर.

मी सरळ म्हाताऱ्याकडे गेले. मामू मागून म्हणत होते, "ताई, नको. ताई." पण अर्धी गोष्ट मला ठेवता येत नाही. मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. गस्तीवाले आले होते, रविवारी मॅनेजर येणार, मामूंवर चोरीच्या शिकारीचा संशय आहे, मामू तोंड उघडणार नाहीत, त्यांना कायमचं घरी पाठवतील. तुमचं गुपित मी फोडणार नाही. फोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

म्हाताऱ्याने हातमोज्याचा चामड्याचा पट्टा चाचपला. मग गाडीच्या कडेवर हात आपटला. "यल्ला, चलो," तो मामूंना म्हणाला. दोघं पुढच्या मनोऱ्याकडे निघाले.

रविवारी मॅनेजर आला. खुर्ची घेऊन बसला, माझी नोंदवही चाळली, मामूंना समोर उभं केलं. मी बुकिंगच्या टेबलाशी.

"शुक्रवारी सायकल कोण नेतं?"

"मी."

"कुठे?"

मामूंनी मफलर कानावर ओढला.

"कोणाला घेऊन?"

मामूंनी खाली वाकून जवळच्या टायरवर अंगठा दाबला.

"मॅडम, तुम्हाला काही माहीत आहे?"

"आहे," मी म्हटलं. "पण ते माझं नाही." माझ्याच तोंडून हे वाक्य ऐकून मामूंनी चमकून वर बघितलं.

मॅनेजरने सुस्कारा टाकून फोन उचलला. तो नंबर शोधत होता तेवढ्यात दारात मोठी पांढरी गाडी थांबली. मुलाने दार उघडलं, म्हातारा उतरला. मुलाला वाटत होतं, बाबांना जुन्या मित्राला भेटायचंय. म्हातारा आवाजाच्या रोखाने चालत आला, एका जनरेटरला धडकला, मुलाने धरायला हात पुढे केला तो त्याने झटकला. टेबलापाशी उभा राहून, मुलाकडे पाठ करून, त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"मेरा तैर गया. किसी को नहीं दिया. गया. मेरा आँख खलास, इसलिए गया." मग मामू जिथे असतील असं वाटलं तिकडे बोट केलं. "ये आदमी ढूँढता है. ये चोर? तैर नहीं, तो शिकार कौन करेगा? मैं करेगा, दाँत से?"

मुलगा बापाच्या पाठीकडे बघत होता. मॅनेजरने फोन खिशात ठेवला, दुमडलेली बाही उगीच उलगडली, आणि म्हणाला, "पण सायकल विनापरवानगी..."

"शुक्रवारची जुनी सायकल यांच्या नावावर लिहिते," मी म्हटलं. "सायकल, एक गाडी, एक गादी. कुठे जाणार, बाबा?"

"शिमाल," म्हातारा म्हणाला.

मी लिहिलं.

ते यंत्र वापरणारे पुढे दुसरेच निघाले, असं गस्तीवाल्यांकडून कळलं. मामूंनी अर्थातच विचारलं, कोणी सांगितलान. हंगाम संपेपर्यंत दर शुक्रवारी दोघं जात राहिले. आता मुलगाच बापाला मलबाऱ्याच्या टपरीवर सोडायचा आणि गाडीत बसून वाट बघायचा. पक्षी मिळाला नाही.

उन्हाळ्यात मामू कायमचे गेले. बायकोचा खोकला फोनवरून ऐकण्यासारखा राहिला नव्हता. विमानतळावर आम्ही दोघांनी सोडलं. मी आठवणीने विचारलं, पासपोर्ट, तिकीट, औषधं, चष्मा. सगळं आहे म्हणाले. मी विचारलं, "कोणी सांगितलान?" ते हसले नाहीत, खाली वाकले आणि आमच्या गाडीच्या मागच्या टायरवर अंगठा दाबला. "हवा कमी हाय," नवऱ्याला म्हणाले, "जाताना भरून घ्या." मग बॅग ओढत आत गेले.

या थंडीत शेड उघडली त्या आठवड्यात म्हातारा आला. आता मुलाचा हात धरून चालतो, हातमोजा तसाच. दारातच त्याने विचारलं, "मामू किधर?"

"घर गया, बाबा. खलास. वापस नहीं आएगा."

माझा आवाज आला त्या बाजूला त्याने तोंड वळवलं.

"कौन बोला?"

तो मुलाचा हात सोडून भिंत चाचपत कोपऱ्यात गेला. तिथे जुनी सायकल उभी होती, मागे ती बुटकी गाडी जोडलेली. मी तिला कुठे हलवलं नव्हतं. त्याने टायर शोधला, अंगठ्याने दाबून बघितला. मग सावकाश गादीवर बसला, पाय पुढे पसरले, आणि डावा हात वर धरून वाट बघू लागला.